सी ग्रेडची पलटण

कर्नल माणसाच्या तोंडाकडे बघायचे ते ओळख पटवायला नव्हे, रंग जुळवायला. त्र्याऐंशी साली मी अमेरिकेत पार्सिपनीला मुलाकडे नवीनच गेले होते. संक्रांतीला तिथली मराठी माणसं एका शाळेच्या हॉलमध्ये जमली होती, आणि इस्त्रीचा शर्ट नि टाय घातलेला एक गृहस्थ हातात तिळगूळ धरून माझ्या गालाकडे टक लावून उभा. मी म्हटलं, "काय हो, म्हातारी कधी बघितली नाही का?" तर म्हणतात, "आक्का, जरा खिडकीकडे तोंड करता का? तुमचा रंग माझ्याकडे नाहीये."

त्यांची बायको शालिनी धावत आली. "अहो, काय हे! सॉरी हं आक्का. यांच्या बाहुल्यांसाठी चाललंय ते."

"बाहुल्या नाहीत," ते म्हणाले. "सैनिक."

मी खिडकीकडे तोंड केलं. मला काय, तोंड काही झिजत नव्हतं.

कर्नल कुठल्याही फौजेत कधी नव्हते. पुण्याचे, औषधांच्या कारखान्यात केमिकल इंजिनियर. तिथल्या मराठी मंडळातल्या पुरुषांनी त्यांना चिडवायला कर्नल नाव पाडलं होतं. पण चिडवणाऱ्यांचा घोटाळा असा झाला की कर्नल चिडेनातच. कुणी "काय कर्नल!" म्हटलं की ते ताठ होऊन "येस" म्हणायचे, आणि पुढचं काय बोलायचं ते समोरच्याला सुचायचं नाही. पाच-सहा वर्षांत चेष्टा विरून गेली आणि नाव तेवढं राहिलं. त्यांचं खरं नाव मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण मी ते कधी वापरलं नाही.

त्यांचं घर आमच्या घरासमोरच. मुलगा-सून नोकरीला, मी आठवडाभर नातीला सांभाळायची. शनिवारी दुपारी मला सुट्टी. बाहेर बर्फ, टीव्हीवर न कळणारी बडबड. म्हणून मी समोर जायला लागले. बेसमेंटमध्ये कर्नलांचं लांबलचक टेबल होतं, त्यावर भिंग, दिवा, रंगांच्या चिमुकल्या बाटल्या आणि अंगठ्याच्या पेराएवढे शिशाचे सैनिक. रंगवताना ते श्वास रोखून धरायचे. ब्रश उचलला की मोठ्ठा सुस्कारा. लांबून ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी दम लागून जिना चढतंय.

मी पहिल्यांदा खाली उतरले तेव्हा तीस शिपाई रांगेत उभे होते. कर्नल म्हणाले, "ही आपली मराठा पलटण आहे आक्का. दुसरं महायुद्ध, इटली. दुकानात हे ब्रिटिश म्हणून मिळतात, तोंडं गुलाबी करायची म्हणून. बाटलीवर लिहिलेलंच असतं, 'फ्लेश'. म्हणजे मांस गुलाबीच! पुस्तक असो नाहीतर बाटली, कुणी लिहिलंय ते आधी बघायचं." हे शेवटचं त्यांचं पालुपद होतं. पाककृती, पंचांग, औषधाची चिठ्ठी, कारखान्यातलं सर्क्युलर, सगळ्याला तेच लावायचे.

मी भिंग घेतलं. तिसांची तीस तोंडं एकाच तपकिरी रंगाची. मी म्हटलं, "कर्नल, हे सगळे एकाच आईची पोरं काय?"

"म्हणजे?"

"आमच्या गावातून सतरा पोरं त्या पलटणीत गेली होती. धोंडी कोळशासारखा, खाशाबा गव्हाळ, गुलाब तर असा गोरा की त्याची आई त्याला मीठमोहऱ्या ओवाळायची. आणि ह्यांना तुम्ही एकाच कढईत तळून काढलंय."

कर्नलांनी ब्रश खाली ठेवला. "तुमच्या घरातलं कोणी होतं?"

"भाऊ. शिदू. परत आला नाही."

त्यांनी "अरेरे" म्हटलं नाही, हे मला आवडलं. त्यांनी कागद ओढला आणि म्हणाले, "शिदूचा रंग सांगा."

मी चौथी शिकलेली. आमच्या आळीत तेवढं शिकलेली मी एकटीच पोर होते, म्हणून इटलीहून आलेली सगळ्यांची पत्रं मीच वाचायची. पुढच्या शनिवारी ते पाठ झालेलं माझ्या तोंडून निघालं. कारण शिपायांचं खालचं अंग बघून मला राहवलं नाही. "ह्यांना अर्ध्या चड्ड्या कशाला घातल्यात?"

"त्या काळचा गणवेश आहे आक्का."

"वाळवंटातला असेल. शिदूनं लिहिलं होतं, इथं चिखल फार, बूट वाळत नाहीत, लांब विजार आणि लोकरी बनियन घालून पण थंडी हाडातून जात नाही. समोर डोंगरावर बर्फ. त्या बर्फात तुम्ही माझा भाऊ उघड्या गुडघ्यांनी उभा केलाय."

कर्नलांनी कपाटातून तीन जाड पुस्तकं काढली, तासभर फोटो बघितले, आणि पुस्तकं मिटली. तिसांच्या तीस विजारी लांब करायच्या ठरल्या. एक हिरवट लगदा मिळतो, दोन रंगांच्या पट्ट्या मळून एक करायच्या. मळणं माझ्याकडे, कारण कर्नलांना कणीक कधी माहीत नव्हती. मी गव्हाच्या दाण्याएवढ्या लाट्या करून द्यायची, ते सुईनं पायाला लिंपायचे, चुण्या पाडायचे. मार्च महिना त्यात गेला. शालिनी जिन्यातून डोकावून म्हणायची, "घरातल्या पडद्यांची शिलाई उसवलीय आणि हे तिकडे पोरांना पॅन्टी शिवतायत!" पण तिनंच स्वतःची नेलपॉलिशची बाटली आणून दिली, बुटांना चकाकी यावी म्हणून. मी म्हटलं, चकाकी नको, चिखल लावा.

चेहरे मी सांगायची, ते रंगवायचे. कर्नलांनी प्रत्येकाच्या पायाखालच्या चकतीच्या मागं नाव लिहिलं. सतरा आमच्या गावचे, बाकीचे तेरा मी शेजारच्या गावांतून भरती केले. हे सगळं करताना मी एकदा त्यांना टोचलंच. "तुम्ही सारखे आपली पलटण, आपली पलटण म्हणता. तुमच्या घरातलं कोण गेलं होतं?"

"कोणी नाही," कर्नल म्हणाले. "आमच्या घरात परीक्षा दिल्या फक्त."

"मग तुम्हाला एवढं कशाला लागतं?"

"तुमच्याकडे शिदू तरी आहे. माझ्याकडे हेच आहे." आणि परत श्वास रोखून कामाला लागले.

दर शनिवारी तीन-चार अमेरिकन माणसं ह्या सैनिकांची लढाई खेळायला यायची. त्यातले दोघे पक्के. एक एड, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचा. मी त्याला मास्तर म्हणायची आणि त्याला ते आवडायचं. दुसरा वॉल्ट, पोस्टमन, दारातून वाकून आत यायचा एवढा उंच. तो कायम जर्मनांच्या बाजूनं खेळायचा आणि कायम डोनट आणायचा. खेळ सोपा नव्हता. पट्टीनं अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि मास्तरचं नियमांचं पुस्तक उघडून वाद घालायचा. मला इंग्रजीचे तीनच शब्द यायचे, सिट, ईट आणि नो. तेवढ्यावर मी त्या बेसमेंटमध्ये सहा वर्षं काढली.

वाद पेटला तो दुसऱ्या हिवाळ्यात. त्यांच्या क्लबचा मोठा खेळ व्हायचा होता, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, लोक बघायला येणार होते. इटलीतली नदी ओलांडायची लढाई. आपली पलटण पहिल्यांदा माणसांसमोर उतरणार म्हणून कर्नल पंधरा दिवस आधीपासून रुमालानं पेटी पुसत होते. मास्तरनं टाइप केलेला कागद आणला. प्रत्येक फौजेच्या पुढं ग्रेड लिहिलेला. अमेरिकन बी, ब्रिटिश बी, जर्मन बी. आणि आपली पोरं सी.

ग्रेड म्हणजे काय ते शालिनीनं मला समजावलं. गोळीबार झाला की त्या तुकडीसाठी फासा टाकायचा. बी ग्रेडला एक किंवा दोन पडले तर तुकडी पळाली. सी ग्रेडला तीन पडले तरी पळाली.

"म्हणजे निम्म्या वेळा पळणार," मी म्हटलं.

"हो ना. यांचं डोकं फिरलंय."

कर्नलांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "एड, व्हाय सी?"

मास्तरनं पुस्तक पुढं केलं. त्यात छापलेलं होतं, वसाहतींमधलं सैन्य, सी.

"हे पुस्तक कुणी लिहिलं?"

"कम ऑन, इट्स जस्ट अ गेम," मास्तर म्हणाला.

"मग बी द्यायला काय जातं?"

"मी एकासाठी पुस्तक बदललं तर उद्या प्रत्येक जण बदलायला सांगेल."

वॉल्टनं डोनटची पेटी मधे सरकवली. कुणी घेतला नाही. शालिनी माझ्या कानात म्हणाली, "आक्का, तुम्हाला सांगते, यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा परवा यांचा मॅनेजर झाला. तिसऱ्यांदा असं झालं. तिथं एक शब्द बोलले नाहीत. आणि इथं शिशाच्या तुकड्यांसाठी भांडतायत."

कर्नलांना ते ऐकू गेलं. मराठीत, तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिथं कागद दाखवत नाहीत, शालू. इथं निदान लिहून दिलंय."

मी हे वाक्य विसरलेले नाही. त्या माणसाला काय पाहिजे होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना जिंकायचं नव्हतं. कागदावर, सगळ्यांसारखं, एक अक्षर पाहिजे होतं.

मास्तर काही बदलेना. शेवटी कर्नल म्हणाले, "ठीक. सी घेऊन खेळतो. माझी एकच अट. फासा म्हणाला पळा, तर माझी माणसं पळणार नाहीत. उभी आहेत तिथंच आडवी करीन. मेली असं धर."

मास्तर बुचकळ्यात पडला. पळालेली तुकडी खेळात पुन्हा गोळा करता यायची. मेलेली गेली ती गेली. "दॅट ओन्ली हर्ट्स यू," तो म्हणाला.

"आय नो."

मला ते नीट उमजलंच नव्हतं.

त्या शनिवारी हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं होती. मीही गेले, कोट चढवून, डोक्यावर पदर घेऊन. टेबलावर निळी नदी, कापसाचा बर्फ, पलीकडे वॉल्टचे जर्मन. आपली तीस पोरं पाच-पाचच्या सहा तुकड्यांत काठाला. बघायला आलेली एक बाई वाकून शेजारणीला म्हणाली, बघ, ह्यांच्यात प्रत्येकाचं तोंड वेगळं आहे. शालिनीनं मला ते सांगितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पहिल्या तुकडीनं नदी ओलांडली. वॉल्टनं गोळीबार केला. कर्नलांनी फासा टाकला. तीन. बी असती तर टिकली असती. कर्नलांनी पाचही जणांना एकेक करून पलीकडच्या काठावर आडवं केलं, तोंड शत्रूकडे ठेवून. पुढची तुकडी गेली. पाच पडले, टिकली. पुढची गेली, दोन. आडवी. परत तीन. आडवी. चार वाजेपर्यंत पलीकडचा काठ भरून गेला आणि अलीकडे कुणी उरलं नाही. वॉल्ट फासे टाकायला नको म्हणायला लागला, मास्तर पुस्तकाचं पान उगीच उलटत होता, आणि कर्नल टाय नीट करून पुढचा फासा उचलत होते. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. मंडळातले दोघे आले होते, ते तर छाती काढून उभे.

मला मात्र राग यायला लागला होता. ते काय आडवं करत होते ते मला माहीत होतं. धोंडी. खाशाबा. गुलाब. ह्यांची पत्रं मी वाचली होती. एकाही पत्रात कुणी लिहिलं नव्हतं की आम्ही मरायला आलोय. सगळ्यांत शेवटी एकच ओळ असायची, रजा कधी मिळते बघतो.

पलीकडे शेवटची एकच तुकडी उभी राहिली. तीन पडले. कर्नलांनी चौघांना आडवं केलं. पाचवा उचलणार, तेवढ्यात मी टेबलावरून हात घातला आणि त्याला मुठीत घेतलं.

"आक्का, काय करताय!"

"हा पळाला."

"आक्का, तो टेबलावर ठेवा. लोक बघतायत."

"बघू देत. हा पळाला. माझा भाऊ आहे, मी सांगते तो पळाला म्हणून."

वॉल्टनं विचारलं, व्हॉट डिड शी से. कर्नलांचं तोंड लाल झालेलं. शालिनीनंच सांगितलं.

मास्तर पुस्तक न बघता म्हणाला, "नियमाप्रमाणे पळता येतं."

कर्नल मला हळू पण असं बोलले की आजही आठवतं. "एवढ्यासाठी मी सगळं केलं, आणि तुम्ही स्वतःच्या हातानं त्यांचं पुस्तक खरं ठरवलंत."

मी म्हटलं, "तुम्हाला अक्षर पाहिजे होतं म्हणून तुम्ही एवढी पोरं मारलीत. तुमच्या घरात तार कधी आली नाही कर्नल. आमच्या आईला कुणी येऊन सांगितलं असतं ना, तुझा शिदू पळाला, भित्रा निघाला, परसात लपून बसलाय, तर तिनं अख्ख्या गावाला जेवण घातलं असतं."

आणि मी कोटाच्या खिशात हात घालून बाहेर येऊन उभी राहिले. थंडी मरणाची होती. अर्ध्या तासानं मुलगा गाडी घेऊन आला.

कर्नल दीड महिना माझ्याशी बोलले नाहीत. क्लबातही गेले नाहीत. त्या दिवशी हॉलमधून जाताना मास्तरनं "पुढच्या वेळी बी देतो" म्हटलं होतं, तर त्यांनी उत्तर दिलं होतं, "देऊ नकोस. चूक होती असं लिही." मास्तर हसला होता. मग शनिवारी समोरच्या घरापुढं वॉल्टची गाडी दिसेना. शालिनी मला म्हणाली, आक्का, तुम्ही एकदा या, समजूत काढा. मी म्हटलं, माझी समजूत कोण काढणार? मीही गेले नाही. दोघेही तसलेच.

नंतर सगळं सुरू झालं, ते आणखी चार वर्षं चाललं. मग मी नव्वदच्या सुमारास गावी परतले. कर्नल दिवाळीला फोन करायचे. प्रत्येक वेळी तोच वाद. "आक्का, तुमचं चुकलं होतं." "तुमचंच चुकलं होतं." ऐकणाऱ्याला वाटायचं भांडतायत. ते गेले तेव्हा शालिनीचा फोन आला. मी रडले नाही, मला येत नाही. पण त्यांच्यासारखं माझ्याशी सरळ भांडणारं माणूस पुन्हा भेटलं नाही. बाकीचे म्हाताऱ्या बाईला हो हो म्हणतात आणि आपलंच करतात.

मला ते आठवतात ते त्या दीड महिन्यानंतरच्या एका शनिवारचे. दारावरची बेल वाजली. कर्नल टाय लावून उभे, हातात कागद. आत या म्हटलं तरी आले नाहीत.

"एड येऊन गेला," ते म्हणाले. कागद माझ्यापुढं धरला. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अक्षरं ओळखता येत होती. सगळ्यांच्या पुढं बी होतं. आणि खाली मास्तरनं हातानं एक ओळ लिहिली होती.

"काय म्हणतोय?"

"आधीचा ग्रेड चुकीचा होता. सही केलीय."

"बरं झालं."

"तुमच्यामुळे नाही झालं."

"मी कुठं म्हणते?"

"पुढच्या शनिवारी परत नदी. मला शिदू पाहिजे. पलटण एकोणतीसच आहे."

"देणार नाही."

"आक्का, आता बी आहे. आता पळणार नाही तो."

"म्हणूनच देणार नाही."

मला वाटलं, आता हे परत दीड महिना बोलायचे नाहीत. पण त्यांनी खिशातून पेन काढलं, कागद दाराच्या चौकटीवर धरला आणि पलटणीच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. लिहिताना श्वास रोखलेला.

"काय लिहिलंत?"

"हजर एकोणतीस. रजेवर एक." मग माझ्याकडे बघून, एखाद्या खऱ्या अधिकाऱ्यासारखं विचारलं, "किती दिवसांची लिहू?"

मी म्हटलं, "तुम्ही लिहू नका. त्याची आई सोडेल तेव्हा येईल."

"येस," कर्नल म्हणाले, आणि रस्ता ओलांडून घरी गेले.